मोठ्या बहिणीस पत्र, एकशे वीस शब्दांत

६ जानेवारी, सोमवार

नवी वही. गणिताने दिली. आमच्या शिक्षकखोलीत माणसांना विषयाच्या नावाने हाक मारतात. ती गणित, मी इंग्रजी, आणि खिडकीपाशी डुलक्या काढतो तो भूगोल. गणित म्हणाली, "तू दिवसभर येरझाऱ्या घालतेस, पेपर तपासताना मला चक्कर येते. काय असेल ते लिहून काढ आणि एका जागी बस." म्हणून लिहिते आहे. बसूनच लिहिते आहे, पण पाय हलतोय.

दहावीचे एक्केचाळीस जण. परीक्षेला आठ आठवडे. मोठ्या बाईंनी सकाळीच बोलावून सांगितलं, की धडे-कविता आता राहू देत, पत्र आणि पत्रक पक्कं करून घ्या. पत्राचे पाच, पत्रकाचे पाच, दहा मार्क हातचे. यंदा नवीन खूळ म्हणजे उत्तरपत्रिकेत पाकिटाची चौकट छापणार आहेत. तिच्यावर पत्ता लिहायचा, त्याचा वेगळा एक मार्क. आजकालच्या मुलांनी पाकीट पाहिलंय ते फक्त लग्नातल्या आहेराचं.

ताईचा फोन नाही. हे लिहायचं खरं तर कारण नाही, गेले दहा महिने नाहीच. गेल्या मार्चमध्ये आई गेली. मी दुसऱ्या शाळेत बोर्डाच्या पेपरला सुपरवायझर होते, वेळेवर पोचले नाही. तेव्हापासून ताई बोलत नाही. वहीत एवढं पुरे.

८ जानेवारी, बुधवार

आज पत्रक. फळ्यावर चौकट आखली. वर मथळा, खाली घोषवाक्य, मग चार मुद्दे, शेवटी ठिकाण, वेळ, संपर्क. "मजकूर मनचा चालेल, चौकट मनची चालणार नाही," हे माझं दरवर्षीचं वाक्य. विषय दिला रक्तदान शिबिर. एकीने वेळ लिहिली मध्यरात्री बारा ते पहाटे चार. एकाचा मुद्दा क्रमांक तीन: 'येताना रक्त आणावे.' आणखी एकाने संपर्क म्हणून मामाचा खरा नंबर घातला. का रे, म्हटलं, तर म्हणतो, "बाई, मामा दिवसभर घरीच असतो, कुणी फोन केला तर त्याला बरं वाटेल." मार्क दिले.

मोठ्या बाईंना पत्रकं आवडली. पुढच्या महिन्यात शाळेचं पुस्तक प्रदर्शन आहे. त्याचं पत्रकही मुलांकडूनच करून घ्या, चांगली निवडून आजूबाजूच्या शाळांना पोस्टाने पाठवू, म्हणाल्या. मी हो म्हटलं. काम असलं की बरं असतं.

घरी येऊन कपाट आवरलं. कालही आवरलं होतं. दोन खोल्या आणि एकटी बाई, आवरण्यासारखं असून असून किती असणार.

१३ जानेवारी, सोमवार

पत्राला सुरुवात. तक्रारीची, अर्जाची पत्रं दिवाळीआधीच उरकलीत, आता घरगुती. प्रश्न जुन्या पेपरातलाच घेतला: 'घरातल्या एका महत्त्वाच्या प्रसंगी तुम्ही हजर राहू शकला नाहीत. मोठी बहीण रागावली आहे. तिची माफी मागणारं पत्र लिहा. शब्दमर्यादा एकशे वीस.' मूळ प्रश्नात मित्र होता. मित्राला लिहिलेलं सगळ्यांचं घोकलेलं असतं, म्हणून बहीण केली. एवढंच.

मग पत्ता. मुलं सवयीने 'अबक नगर, पिनकोड एक दोन तीन चार पाच सहा' असं ठोकून देतात आणि परीक्षकाचं डोकं फिरतं. खरा वाटेल असा पत्ता हवा होता. हात चालला तसा फळ्यावर लिहिला. लिहून झाल्यावर मागे सरून पाहिलं तर ताईचा. नाव, घर नंबर, गल्ली, पिनकोड, सगळं. पुसणार होते, पण तोवर वर्गाने उतरवून घेतला होता आणि तासाची दहाच मिनिटं उरली होती. पत्ता तो पत्ता, कुणाचा का असेना.

१४ जानेवारी, मंगळवार

तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. तिला मी मनातल्या मनात प्रश्नचिन्ह म्हणते, कारण तिचं कुठलंच वाक्य पूर्णविरामाने संपत नाही. आज उभी राहिली.

"बाई, बहीण खरंच रागावलेली असेल तर ती पत्र वाचेल का?"

"पत्र परीक्षक वाचतो."

"पण समजा बहिणीने वाचलं, तर तिला कळेल ना, की हे पाच मार्कांसाठी लिहिलंय?"

"खाली बस. तास संपला."

तास संपायला पाच मिनिटं होती. मी तशीच बाहेर पडले आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आले, पुन्हा गेले. भूगोल खिडकीतून बघत होता. तो जागा होता हेच विशेष.

१७ जानेवारी, शुक्रवार

कच्ची पत्रं तपासली. एक्केचाळीस माफ्या. वाचता वाचता जीव नकोसा झाला. बस पंक्चर झाल्याची अकरा, ताप आल्याची नऊ, कुत्रा चावल्याची चार. एकाने बस पंक्चर, ताप आणि कुत्रा तिन्ही घातलेत. त्याच्या वहीत लाल शाईने लिहिलं: 'कारण एकच द्या. तीन कारणं दिली की खोटं वाटतं.'

लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. ताईला मी तीन कारणं दिली होती. मोबाइल नियमाप्रमाणे ऑफिसात जमा होता. तिच्या फोनची चिठ्ठी माझ्यापर्यंत आलीच नाही. पेपर संपल्यावर तासभर गाडी मिळाली नाही. यातली दोन अगदी खरी आहेत.

चहा केला, प्यायचा राहिला.

२० जानेवारी, सोमवार

मुलांना नमुना पत्र हवंय. "बाई, तुम्ही लिहून द्या ना, आम्ही पाठ करतो." गेल्या सतरा वर्षांत अशी पत्रं मी दहा मिनिटांत पाडली आहेत. आज मोकळ्या तासाला बसले, तर चार कागद फाडले. पहिल्या परिच्छेदात खुशाली विचारली की पुढे गाडी अडते. 'तुझी तब्येत कशी आहे' एवढंही मला धड लिहिता येईना, कारण मला खरंच माहीत नाही ती कशी आहे ते. तिला गुडघ्याचा त्रास होता. शिलाई मशीन पायाने चालवते.

गणित खांद्यावरून डोकावली. चोराच्या मनात चांदणं, मी हात ठेवून कागद झाकला.

"पत्ता कुणाचा गं?"

"मनातला."

"मनात पिनकोडसकट?"

मी म्हटलं, तुला उद्योग नाही का. ती म्हणाली, आहेत, पण इतके मनोरंजक नाहीत. मग जरा वेळाने हळूच म्हणाली, "तू जाऊन का येत नाहीस?" चार तासांचा तर रस्ता आहे, हे तिला माहीत आहे. मी म्हटलं, परीक्षा डोक्यावर आहे, एक्केचाळीस पोरं सोडून कुठे जाऊ. तिने आपले पेपर पुढे ओढले. माझं म्हणणं तिला पटलं असावं.

२१ जानेवारी, मंगळवार

आज लिहून टाकते. वही माझी आहे, कुणी मार्क देणार नाही.

चिठ्ठी मिळाली होती.

पेपर अकराला सुरू झाला. साडेअकराच्या सुमारास शिपाई दाराशी आला, त्याने कागद दिला. त्या शाळेच्या कारकुनाने फोनवर ऐकून लिहिलेली एक ओळ होती: 'आईचं जास्त आहे, निघून ये. ताई.' मी वाचली. घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग एका मुलाने पुरवणी मागितली, ती दिली. बदली सुपरवायझर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होता, नुसती मान हलवली असती तरी आत आला असता. मी मान हलवली नाही. आधी तीनदा 'जास्त आहे' असे फोन आले होते आणि तीनदा आई उठून बसली होती, असं मी स्वतःला समजावलं. दोन वाजेपर्यंत वर्गात फेऱ्या मारल्या. संध्याकाळी पोचले तेव्हा दारात माणसं होती.

ताईने विचारलं, "चिठ्ठी मिळाली नाही का?" मी म्हटलं, नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. तिला कसं कळलं असेल असं कधीकधी वाटतं, पण कळणं शक्यच नाही. ती रागावली आहे ती मी उशिरा आले म्हणून.

ताईने सातवीत शाळा सोडली. मशीन धरलं ते धरलंच. शाळांचे युनिफॉर्म शिवून तिने मला शिकवलं, मी पुस्तकं वाचायचे आणि ती काज करायची. इंग्रजीचं तिला अक्षर येत नाही, आणि मी इंग्रजीची बाई झाले. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईकडेच होती. मी महिन्यातून एक रविवार जाऊन फळं ठेवून यायचे. माझी मलाच लाज वाटते.

हे लिहिल्यावर नमुना पत्र एका बैठकीत झालं. इंग्रजीत, बरोबर एकशे वीस शब्द. मोजले. अर्थात हे मुलांना देता येणार नाही. उद्या पंक्चरचं एक लिहून देईन.

२३ जानेवारी, गुरुवार

पाकिटाचा धडा. कपाटातून शाळेची जुनी पाकिटं काढली, कोपऱ्यात शाळेचं नाव आणि फोन छापलेली. मुलांनी पत्रं सुवाच्य उतरवून आणली होती. अर्ध्या वर्गाने तिकिटाची चौकट डाव्या कोपऱ्यात काढली, एकाने बरोबर मधोमध. घडी कशी घालायची, पत्ता किती अंतर सोडून लिहायचा, हे करून दाखवायला एक कागद हवा होता. पर्समध्ये हाताशी मंगळवारचा होता, तोच घेतला. घडी घातली, पाकिटात सरकवला, वर ताईचं नाव-पत्ता घातला, डिंक लावून बंद केलं. तोंड बंद केल्याशिवाय मुलांना समजत नाही. मुलांनीही फळ्यावरचा तोच पत्ता घालून आपापली बंद केली. एक्केचाळीस आणि माझं एक, बेचाळीस पाकिटांचा गठ्ठा झाला. पत्त्याचे मार्क घरी नेऊन द्यायचे होते, पण पिशवीत प्रदर्शनाची पत्रकं होती, जागा नव्हती.

सुटल्यावर पत्रकांची पाकिटं ऑफिसात द्यायला गेले. भाऊसाहेब, म्हणजे आमचे कारकून, जागेवर नव्हते. टेबलावर दोन ट्रे, एक आवक, एक जावक. आवकमध्ये फायलींचा ढीग होता. जावक मोकळा होता. पत्रकं तिथे ठेवली, आणि हातातला गठ्ठाही घटकाभर तिथेच टेकवला. मग मोठ्या बाईंनी हाक मारली, मी गेले, आणि गठ्ठा विसरून घरी आले. उद्या आणू.

आज कितीतरी दिवसांनी गाढ झोप येईलसं वाटतंय. काम हातावेगळं झाल्यासारखं वाटतंय, तसं काही झालेलं नसताना.

२७ जानेवारी, सोमवार

शुक्रवारी भाऊसाहेब नव्हते, ऑफिसला कुलूप होतं. शनिवारी मी गेलेच नाही, का ते आठवत नाही. आज गठ्ठा मागितला.

"कुठला गठ्ठा?"

"पाकिटांचा. जावकच्या ट्रेमध्ये होता."

भाऊसाहेब चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघत राहिले. "बाई, जावकच्या ट्रेमध्ये ठेवलेलं जातं. गुरुवारीच संध्याकाळी पोस्टात टाकून आलो." आणि त्यांनी जावक रजिस्टर उघडून पुढे केलं. वळणदार अक्षरात एकाखाली एक बेचाळीस नोंदी, सगळ्या एकाच नावाच्या, एकाच पत्त्याच्या. विषयाच्या रकान्यात पहिल्या ओळीला 'प्रदर्शन पत्रक' आणि खाली एक्केचाळीस वेळा 'वरीलप्रमाणे'.

"एकाच बाईंना बेचाळीस पत्रकं, तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं. म्हटलं, बाईंच्या ओळखीचं मोठं दुकान असेल पुस्तकांचं. आणि प्रत्येकावर पिनकोड होता हो. तीस वर्षांत मी प्रत्येकावर पिनकोड असलेला गठ्ठा पाहिला नव्हता."

ते इतक्या कौतुकाने म्हणाले, की मला रागावताही येईना. बाकीची एक्केचाळीस काय, पंक्चर आणि कुत्रे आहेत. पण बेचाळिसावं.

तडक पोस्टात गेले. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, एक पत्र परत हवंय. त्या म्हणाल्या, "पेटीत पडलं की पत्र ज्याच्या नावाचं त्याचं, लिहिणाऱ्याचं नाही. आणि गुरुवारचं? ते आता पोचलं असेल नाहीतर पोचत असेल." मागे रांग होती. मी बाजूला झाले.

गणिताला सांगितलं. म्हणजे चिठ्ठीचं नाही, गठ्ठ्याचं. ती पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "इतकी वर्षं तू तुझी पेनाची टोपणंसुद्धा रंगाप्रमाणे लावतेस आणि गठ्ठा जावकमध्ये विसरलीस होय?" मी म्हटलं, माणूस आहे, चुकतं. म्हणाली, "हो, माणूस आहेस खरी."

तिच्या बोलण्याचा रोख मला कळला नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

वर्गात दोनदा एकच वाक्य सांगितलं. प्रश्नचिन्हाने विचारलं, पाकिटांचे मार्क कधी? म्हटलं, पाकिटं हरवली. म्हणाली, सगळी? म्हटलं, सगळी. "मग बाई, कुणाला तरी सापडतील ना?" हिला कुणी बोलायला शिकवलं.

ताईला इंग्रजी येत नाही, हाच आधार. पण शेजारपाजारची शिकलेली पोरं असतातच. कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवेल, आणि अंगणात माणसं जमतील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दिवसभर खुर्चीत बसवलं नाही. बागेला तीन चकरा मारून घरी आले, परत गेले.

३० जानेवारी, गुरुवार

मधल्या सुट्टीत भाऊसाहेब शिक्षकखोलीच्या दारात आले. "इंग्रजीबाई, तुमच्या भगिनींचा फोन होता ऑफिसात. पाकिटावरचा नंबर बघून केला म्हणाल्या. निरोप लिहून घेतलाय."

"तुम्हाला काय म्हणाली, तेच सांगा."

त्यांनी कागद वाचला. "'बेचाळीस पाकिटं आली. पोस्टमन विचारतो, घरात काय आहे. एकही फोडलेलं नाही. दुसऱ्या कुणाकडून मी वाचून घेणार नाही. रविवारी येऊन वाचून दाखव.' फोन ठेवला त्यांनी. जरा करड्या आहेत का हो?"

दहा महिन्यांनी ताईचा निरोप. मी खाली बसले, खरोखरच बसले. एकही फोडलेलं नाही. म्हणजे अजून काहीच गेलेलं नाही. रविवारी जाईन, बेचाळिसातून एक पाकीट अलगद पर्समध्ये घालीन. एक्केचाळीस वाचून दाखवीन. ती हसेल. हसली की बोलेल. खऱ्याचं एवढं काय नडलंय, आई तर परत येणार नाही. मी ठरवलंय.

२ फेब्रुवारी, रविवार

परतीच्या गाडीचा विचार सोडून दिला आहे. ताईच्या कटिंगच्या टेबलावर बसून लिहिते आहे. ताई आत आहे. झालं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते.

दार उघडं होतं. ताई मशीनपाशी बसून एका निळ्या स्कर्टची शिवण उसवत होती. केस बरेच पिकलेत. मान वर न करता म्हणाली, "चपला आत घे. कुत्रं नेतं." एवढंच. मी आत घेतल्या. आईची खाट होती तिथे आता युनिफॉर्मचे गठ्ठे होते.

पाकिटं स्टुलावर होती, दोऱ्याने बांधलेली. मी गठ्ठा सोडला आणि बोटांनी भराभर चाळला. माझं त्यात नव्हतं.

"एक्केचाळीस आहेत ती," ताई म्हणाली. "तुझं अक्षर मला कळतं. ते मी वेगळं ठेवलंय. शेवटी वाचू."

मग मी वाचत गेले, एकेक फोडायचं, इंग्रजीवरून नजर फिरवायची आणि मराठीत सांगायचं. ताई उसवत ऐकत होती. पाचव्या पंक्चरला म्हणाली, "तुमच्या गावातल्या बसगाड्या एकाच माणसाकडून टायर घेतात काय?" कुत्रा चावलेल्याला तिने माफ केलं, तापवाल्याला नाही. "ताप आला तर निरोप पाठवता येत नाही? हात मोडला होता का?" ज्याने तिन्ही घातली होती, त्याला म्हणाली, "ह्याला माफ. एवढं सोसून पोरगं जिवंत राहिलं." मी हसले. तीही हसली, दोरा तोडताना, तोंड वळवून. मला वाटलं, आता झालं, इथेच थांबलं तरी चालेल.

प्रश्नचिन्हाचं पत्र आलं. त्यात कारणच नव्हतं. 'ताई, तू हे वाचतेस की नाही मला माहीत नाही. रागव, पण उत्तर दे. तू गप्प बसलीस की मला घरात कुठेच बसता येत नाही.'

ताईचा हात थांबला. "हिला किती दिलेस?"

"तीन. शेवट चौकटीत बसत नाही."

"पाच दे."

दुपार झाली. एक्केचाळीस संपली. ताईने मशीनचा खण उघडला आणि माझं पाकीट काढून समोर ठेवलं. बंद. डिंकाचा ओघळ माझाच.

मी फोडलं. त्या क्षणी मला अगदी स्पष्ट कळलं, की मी काय वाटेल ते वाचू शकते. तिला एक अक्षर येत नाही. सगळं माझ्या तोंडात होतं. मी सुरू केलं, "प्रिय ताई, तू बरी असशील. इकडे परीक्षेची गडबड आहे." हे कागदावर नव्हतं. मान वर केली तर ताई माझ्याकडे बघत होती. तसंच, त्या दिवशी दारात बघितलं तसं. मला पुढे खोटं सुचेना. सतरा वर्षं सुचत आलं, आज सुचेना.

"थांब," मी म्हटलं. "परत वाचते."

आणि जे लिहिलं होतं ते वाचलं. "त्या दिवशी मी कामावर होते. चिठ्ठी मला मिळाली होती आणि मी ती वाचली होती. मला उठता आलं असतं. मी उठले नाही. काम होतं म्हणून थांबले, असं मी स्वतःला सांगत आले, पण मी कामाआड लपले होते. तिला तशी बघायची मला भीती वाटत होती. तिच्याजवळ कुणीतरी असायला हवं होतं आणि मी नव्हते. मी माफी मागते आहे, पण माझ्याकडे कारण नाही."

एवढंच नव्हतं, एकशे वीस शब्द होते, पण बाकीचं मला रडताना वाचता आलं नाही.

ताईने एक टाका उसवला. मग म्हणाली, "वाचलीस हे मला ठाऊक होतं. तिथल्या कारकुनाने उलट फोन केला होता. बाईंच्या हातात दिली, त्यांनी वाचली, म्हणाला. भला माणूस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

तिने स्कर्ट मांडीवरून काढून गठ्ठ्यावर ठेवला. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळेना, परत उचलला.

"तू लगेच निघाली असतीस तरी काही नव्हतं. मी फोन केला त्याच्या आधीच ती गेलेली. वाटेत एकटीने ते घेऊन यायला नको, म्हणून 'जास्त आहे' म्हटलं. आणि मग तू खोटं बोललीस, तर म्हटलं राहू दे हिला तसंच, लागू दे जिवाला."

"तू होतीस ना जवळ," मी म्हटलं. "तेवढं तरी बरं."

ताईने मान हलवली. मला वाटलं, ती हो म्हणते आहे.

"मी इथे होते," ती म्हणाली. तिने हात ठेवला होता तो मशीनवर. "सकाळपासून दोनशे कॉलर लावायच्या होत्या. तिने हाक मारली असेल तरी मशीनच्या आवाजात काय ऐकू येतंय. एकदा वाटलं, उठून बघावं. रात्रभर घरघर चालली होती, बघवत नव्हतं. म्हटलं, ही एक बाजू संपवू, मग जाऊ. दहाला चहा घेऊन गेले तर गार होती. कधी गेली, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला, तिने काढून घेतला नाही. आम्ही दोघीही रडलो, ती आवाज न करता, मी नाक ओढत, लहानपणापासून तसंच आहे.

थोड्या वेळाने ताईने पदराने तोंड पुसलं आणि माझ्या हातातला कागद माझ्याकडे वळवला. "परत वाच. आता आईला लिहिलंय असं वाच. आणि खाली दोघींची नावं लाव."

मी 'प्रिय आई' म्हणून सुरुवात केली. चिठ्ठीचं एक वाक्य गाळलं, 'तिला'चं 'तुला' केलं, बाकी काहीच बदलावं लागलं नाही.